माझ्या कार्डावरची खोटी खूण

आधी माझी ओळख सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर एवढं लागलं नसतं. मी सारिका. वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या पायथ्याला आमचं गाव आहे आणि गावाच्या दोन वाड्या. तिथली मी आशाताई. कुणाच्या घरी पाळणा हलणार हे बऱ्याचदा सासूच्या आधी मला कळतं. मग त्या बाईचं नाव रजिस्टरात लिहायचं, तिला गोळ्या द्यायच्या, दवाखान्यात न्यायचं, बाळ झालं की घरी जाऊन त्याचं वजन करायचं, हे माझं काम. गावात तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहे. गोळ्या उशीखाली लपवणाऱ्या सुनांना मी त्यांच्या सासूदेखत झापलेलं आहे.

माझी मुलगी ईश्वरी आता अडीच वर्षांची झाली. ती जन्मली तेव्हा तिची पाठ कमरेजवळ उघडी होती. या दोषाला डॉक्टर स्पायना बायफिडा म्हणतात. मराठीत त्याला सुटसुटीत नाव मला अजून कुणी सांगितलेलं नाही. ज्यांच्या घरात असं बाळ आलंय त्यांना एकटं वाटू नये म्हणून हे लिहिते आहे. आणि ज्यांच्या घरात अजून काहीच झालेलं नाही, त्यांच्यासाठी तर जास्तच.

तीन महिने

ईश्वरीच्या आधी मला एकदा दिवस गेले होते. तेव्हा आनंद पोटात मावेना. माझं माहेर शिवऱ्याला, हायवेच्या कडेला. आईने तिथे पेढे वाटले. मी पहिल्या आठवड्यापासून गोळ्या घेत होते, न चुकता. अडीच महिन्यांनी ते पडलं.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्या तेव्हा काही बोलल्या नाहीत, माझं सगळं केलं, डोक्याला तेलसुद्धा लावलं. पण दुसऱ्या वेळी पाळी चुकली आणि मी त्यांच्याजवळ बोलले, तेव्हा त्यांनी चुलीपुढून उठून दार लोटून घेतलं.

"ह्या बारीला तीन महिनं कुनाच्या कानावर घालायचं न्हाई. तुज्या आईलापन न्हाई. मागं लई बोभाटा झाला."

"बरं."

"आन् ती तुजी गोळी. ती नगं."

"आत्या, त्या गोळीनं नाही पडलं ते."

"तुला काय ठावं? उष्ण पडली आसंल. म्या म्हनते, तीन महिनं जाऊ दे. मंग खा काय खायाचं ते."

आमच्याकडे तीन महिने सांगत नाहीत. ही रीत मला नवी नव्हती. या रीतीशी तर मी रोज भांडत होते. बायका तीन महिने लपवतात, मग नाव नोंदवतात, आणि बाळाच्या पाठीला ज्या गोळीची गरज असते ती गोळी, गरज संपल्यावर तोंडात पडते. हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं, आणि मी ते पोपटासारखं दारोदार सांगत होते. पण तेव्हा मी आशाताई नव्हते. एकदा पोट रिकामं झालेली बाई होते. मला वाटलं, न जाणो, आत्यांचंच खरं निघालं तर?

गोळ्यांच्या पट्ट्या माझ्या पिशवीत होत्या. पिवळ्या, बारीक गोळ्या. पिशवी खांद्याला लावून मी वाडीवर जायचे, त्या गोळ्या दुसऱ्यांच्या सुनांना वाटायचे आणि घरी यायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तीन महिने झाल्यावर मी उपकेंद्रातल्या सिस्टरांना सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "लबाड आहेस. आता तुझं कार्ड तूच भर, तुला काय शिकवायचं." मी भरलं. गोळ्यांच्या रकान्यापाशी पेन थांबलं. आशाताईच्याच कार्डावर रकाना रिकामा दिसला तर काय म्हणतील? मी बरोबरची खूण केली. एक छोटीशी रेघ खाली, एक वर.

नोंदणी उशिरा झाली, म्हणून पुढचं सगळंच उशिरा झालं. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी भाताच्या लावणीत आली. चिखलात सगळ्या घरचे हात लागतात, त्यात मीही होते, वाकून नाही तर बांधावर बसून रोपांच्या जुड्या देत. सोनोग्राफी झाली ती फार पुढे, आणि त्या दिवशी बाळ अशा तऱ्हेने पडलं होतं की पाठ नीट दिसेना. "पुण्याला मोठ्या मशीनवर दाखवा," असं लिहून दिलं. डोहाळजेवण होऊ दे, मग जाऊ, असं ठरलं. डोहाळजेवण झालं. मी माहेरी गेले. पुण्याला जायच्या आधीच कळा सुरू झाल्या.

कुणीच काही बोललं नाही

भोरच्या दवाखान्यात बाळंत झाले. बाळ रडलं, ते मी ऐकलं. चांगलं खणखणीत रडलं. पण "मुलगी झाली" असं कुणी म्हणेना. मी किती बाळंतपणांना उशाशी उभी राहिले आहे. त्या वेळी सिस्टर गप्प झाल्या की त्याचा अर्थ काय असतो हे मला माहीत होतं. मी म्हणाले, "मला दाखवा."

त्यांनी तिला माझ्याजवळ आणलं, पण पालथी. पाठीवर ओल्या कापसाची घडी होती. सिस्टरनी ती बोटभर उचलली. कमरेच्या वर, मधोमध, लिंबाएवढा फुगा. वर कातडी नव्हती, नुसता पातळ पापुद्रा, आणि आत ओलसर काहीतरी. मी तोंड फिरवलं. पोटच्या पोरीला पहिल्यांदा पाहताना मी तोंड फिरवलं, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

माझे मिस्टर वरवे बुद्रुकजवळ एका छोट्या कंपनीत मशीनवर असतात. ते कामाच्या कपड्यांतच आले. अॅम्ब्युलन्स पुण्याला निघाली तेव्हा मला उठता येत नव्हतं, म्हणून बाळाबरोबर ते एकटे गेले. तिला पाठीवर टेकवू नका, घडी कोरडी पडू देऊ नका, एवढं त्यांना सांगितलं होतं. आयुष्यात कधी तान्हं मूल हातात न घेतलेला माणूस. पुढे त्यांनी मला सांगितलं, भोरपासून पुण्यापर्यंत ते तिच्या गालाखाली तळहात ठेवून बसले होते. खड्डा आला की हात वर उचलायचे. "माजा हात बधिर झाला, पन काडला न्हाई," म्हणाले.

पोत्याची शिवण

दुसऱ्या दिवशी मीही पुण्याला पोचले. तिथल्या डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी आम्हाला खुर्च्यांवर बसवलं आणि हळूहळू सांगितलं. पोटात गर्भ अगदी लहान असतो, तेव्हा त्याची पाठ आधी उघडी असते. मग ती दोन्ही बाजूंनी मिटत येते आणि बंद होते. हिची एका जागी मिटायची राहिली. त्या जागेतून मज्जा, म्हणजे कण्यातली नसांची दोरी, बाहेर आली. ऑपरेशन करून ती आत घालून पाठ बंद करावी लागेल, नाहीतर जंतू शिरतील. पण ज्या नसा आधीच बिघडल्या आहेत, त्या ऑपरेशनने परत येत नाहीत.

मिस्टर म्हणाले, "म्हणजे पोतं शिवताना मदी एक टाका ऱ्हाऊन गेला, तसं."

"तसंच," मॅडम म्हणाल्या.

"आता शिवलं तर सांडलेलं परत येत न्हाई."

मॅडमनी मान हलवली. मग म्हणाल्या, "हो. तेवढं परत येत नाही."

त्यांनी ईश्वरीच्या तळव्यांवरून बोट फिरवलं. कुठलंही बाळ पाय ओढून घेतं. हिने घेतले नाहीत. पुन्हा फिरवलं. मांडीला चिमटा घेतला, तेव्हा मांडी जराशी हलली. गुडघ्याखाली काही नाही.

मग त्यांनी माझं कार्ड उघडलं. "पहिल्या महिन्यांत फॉलिकच्या गोळ्या घेतल्या होत्या का?"

मी तोंड उघडायच्या आत मिस्टर बोलले. मान ताठ करून बोलले. "घेतल्या ना मॅडम. ती सोताच आशाताई हाय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो."

"मग तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत," त्या म्हणाल्या. "कधीकधी गोळ्या घेऊनही होतं. स्वतःला दोष देऊ नका." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसरी कुणी असती तर त्या हाताने तिला आधार वाटला असता. माझा खांदा मात्र भाजल्यासारखा झाला.

वॉर्डातले दिवस

पाठीचं ऑपरेशन झालं. नंतर रोजचं एक चक्र सुरू झालं. दर तीन तासांनी मी वाटीत दूध काढून द्यायचे. ते नळीने तिच्या पोटात जायचं. मला काचेतून बघायची मुभा होती. ती सदा पालथी, तोंड एका अंगाला, मूठ गालापाशी. कॉटवर चिठ्ठी होती, "सारिकाचं बाळ". नाव नव्हतंच अजून.

रोज सकाळी सिस्टर टेपने तिचं डोकं मोजायच्या. अशा बाळांच्या डोक्यात पाणी साठू शकतं, हे मला तिथे कळलं. वजन वाढलं की आनंद मानायची मला सवय. इथे आकडा वाढला की मी टेप परत लावून बघायला सांगायचे. आकडा वाढत गेला. मग दुसरं ऑपरेशन झालं, डोक्यातलं पाणी पोटात सोडणारी एक बारीक नळी आतून बसवली. ती नळी आजही तिच्या कानामागे हाताला लागते.

घाबरायला काय काय असतं! सगळ्यात जास्त मी घाबरले ती लघवीच्या नळीला. या बाळांना लघवी आपोआप पूर्ण होत नाही. साठली की मूत्रपिंडं बिघडतात. म्हणून दिवसातून ठरावीक वेळा बारीक नळी घालून ती काढायची, आणि ते आईने शिकायचं. माझे हात थरथरत होते. वॉर्डात झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. त्या सिस्टर गेल्यावर माझ्याजवळ आल्या.

"भिऊ नकोस. सुईत दोरा ववतीस न्हवं? तसंच. श्वास धरू नकोस, तू श्वास धरतीस म्हनून हात हालतोय."

मी श्वास सोडला. हात स्थिर झाला. आता मी ते काम दिवसातून पाच वेळा करते आणि प्रत्येक वेळी आधी श्वास सोडते.

ती पाच दिवसांची झाली त्या दिवशी, दुसऱ्या ऑपरेशनच्या आधीच, आत्यांचा फोन आला होता. त्या गावीच होत्या. गुरं होती, दूध डेअरीला घालायचं होतं. बाळ जवळ नसतानाही त्यांनी पाचवी पुजली होती. पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, म्हणून पाट्यापाशी कोरा कागद आणि पेन ठेवतात. तेही ठेवलं होतं.

"पोर झोपती कशी?" आत्यांनी विचारलं.

"पालथी."

तिकडून नुसती खरखर आली. मला वाटलं रेंज गेली.

"मंग सटवाई लिवनार कुठं गं? कपाळ तर खाली."

मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. हसता हसताच रडू फुटलं.

"नर्सबाईला सांग, घटकाभर उताणी करा म्हनावं."

"आत्या, पाठीवर टाके आहेत! काही कळतं का तुम्हाला?" मी ओरडले आणि फोन ठेवला. व्हरांड्यातल्या बायका बघायला लागल्या.

मावशींनी सगळं ऐकलं होतं. फडकं पिळत म्हणाल्या, "येवडं काय चिडायचं. तपासायला डाक्टर येतात तवा तिला कुशीवर करत्यात. तेवड्यात लिवून जात आसंल. तिला कितीसा येळ लागतोय? सांग सासूला."

मी परत फोन लावला आणि तसं सांगितलं. "बरं झालं बाई," आत्या म्हणाल्या, आणि पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. माझा सटवाईवर विश्वास नाही. पण त्या दिवशी मला मावशींच्या पाया पडावंसं वाटलं.

मोजे

दीड महिन्याने आम्ही घरी आलो. आत्यांनी नातीसाठी तेल कढवून ठेवलं होतं. पाय लांब करून, त्यावर बाळ घेऊन, मालिश करून अंघोळ घालायची, हे त्यांनी गावातल्या निम्म्या पोरांचं केलेलं. ईश्वरीची, आमच्या ईशूची, पाठ पाहिल्यावर त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली आणि नुसत्या ओल्या फडक्याने तिचे हात पुसत बसल्या.

ईशूच्या पावलांना काही कळत नाही. हे ऐकायला सोपं आहे, पण त्याचा अर्थ आम्हाला एका दुपारी समजला. उन्हात तापलेल्या फरशीवर ती बसली होती, हसत होती, आणि तिच्या टाचेला टरारून फोड आला होता. ती रडलीच नाही. त्या दिवसापासून उन्हाळा असो नाहीतर पावसाळा, तिच्या पायात मोजे असतात. मोजे सारखे गळून पडतात, कारण तिला ते कळत नाही. आमच्या घरात दिवसभर कुणी ना कुणी मोजा शोधत असतं.

ती बोलते खूप, माझ्यावर गेली आहे. हातांवर सरपटत अंगणभर फिरते. बसते. उभी राहत नाही. वॉकर लावून कधी राहील का, याचं उत्तर डॉक्टर जपून देतात, आणि आम्ही जपून ऐकतो.

घरात भांडणं झाली नाहीत असं नाही. नळीची वेळ चुकली की मी आत्यांवर ओरडायचे. पाहुणे यायचे, पोरीकडे बघून चुकचुकायचे, ग्रहणात काय चिरलं होतंस असं मला विचारायचे, आणि गेल्यावर मी भांडी आपटायचे. मिस्टर जादा पाळ्या करायला लागले. मला वाटायचं, घरी यायचं टाळतात. त्यांचा एकच प्रश्न असायचा, जेवताना, ईशूला थोपटताना. "तू तर समदं येळेवर केलं व्हतंस. मंग आसं का झालं?" माझ्यावर रागावून नव्हे, खरंच विचारायचे. मी दर वेळी म्हणायचे, "काय माहीत." आणि दर वेळी ते खोटं मला नव्याने बोलावं लागायचं.

परत आलेल्या पट्ट्या

ईशू वर्षाची झाल्यावर मी पुन्हा पिशवी खांद्याला लावली. खालच्या आळीत हिराकाकूंच्या घरी नवी सून आली होती, कोमल. लग्न झालं तेव्हाच मी तिला गोळ्या दिल्या होत्या आणि सांगितलं होतं, दिवस जायची वाट बघू नकोस, आतापासूनच घे. कोमल हुशार, लगेच हो म्हणाली होती.

ईशू दोन वर्षांची होत आली तेव्हा एकदा त्यांच्या घरी गेले तर हिराकाकूंनी फडताळातून सगळ्या पट्ट्या काढून माझ्या हातात दिल्या. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"ह्या घे बाई तुज्या. राग मानू नगंस."

"का हो काकू?"

"का म्हंजी? तू येवड्या खाल्ल्यास, येळेवर, कार्डावर लिवलंय. तुज्या पदरात काय पडलं? ह्या गोळीनंच पोराची पाठ उलती, उघडी ऱ्हाती आसं बोलत्यात बाया. वाडीवरच्या दोघीतिघींनी पन टाकून दिल्यात. तुज्या तोंडावर कोन बोलनार?"

कोमल आतल्या दाराशी उभी होती. खाली बघत होती, आणि एक हात पदराखाली पोटावर होता. मी पोटं ओळखणारी बाई. तिचे तीन महिने अजून झाले नव्हते, आणि ती लपवत होती.

मी पट्ट्या घेऊन घरी आले आणि ओसरीवर बसून राहिले. एवढे दिवस मला वाटत होतं की माझं खोटं माझ्यापुरतं आहे. मी ते गिळलंय, मीच पचवीन. पण ते माझ्याआधी वाडीवर पोचलं होतं. मी एक रेघ खाली ओढली होती आणि एक वर, आणि त्या रेघेला भिऊन दोघीतिघी बायका गोळ्या उकिरड्यावर टाकत होत्या.

त्याच आठवड्यात ईशूची पुण्याला तपासणी होती. मॅडमनी तिचं डोकं मोजलं, नळी दाबून पाहिली. मिस्टर तिला मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हणाले, "मॅडम, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. मी गोळ्या घेतल्या नव्हत्या. तीन महिन्यांत एकही नाही. कार्डावरची खूण माझी मीच केली."

मिस्टरांचा ईशूच्या पाठीवर फिरणारा हात थांबला. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"गोळ्या घेतल्या असत्या तर ही चालली असती का?" मी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "गोळ्या घेतल्या असत्या तर हा धोका बराच कमी झाला असता. पण तुमच्या बाळाला झालंच नसतं, असं मी सांगू शकत नाही. आणि झालंच असतं, असंही नाही सांगू शकत. पाठ मिटते ती पहिल्या महिन्यात. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंसुद्धा नसतं. म्हणून तर आधीपासून घ्यायच्या." मग म्हणाल्या, "सारिकाताई, तुम्हाला याचं उत्तर कधीच मिळणार नाही. ते न मिळता जगावं लागेल. पण पुढच्या वेळी तुम्हाला जास्त ताकदीची गोळी लागणार आहे, आधीपासून. त्यासाठी तरी खरं सांगितलंत ते बरं केलंत."

एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. मिस्टर खिडकीबाहेर बघत होते. चेलाडी फाट्याला गाडी वेल्ह्याकडे वळली. मला वाटलं, आता हे माझ्याशी कधीच बोलणार नाहीत. ईशू त्यांच्या खांद्यावर झोपली होती. तिचा एक मोजा निघाला होता, तो त्यांनी परत घातला, आणि तसंच बाहेर बघत म्हणाले, "गावात सांगनार हाईस का?"

"सांगायला लागेल."

"कवा?"

"लसीकरणाच्या दिवशी. सगळ्या येतात तेव्हा."

"मंग मी त्या दिवशी सुट्टी टाकतो," ते म्हणाले.

अंगणवाडीत

त्या दिवशी अंगणवाडीत बायका भरल्या होत्या. पोरं रडत होती, सिस्टर लशी काढत होत्या. मिस्टर बाहेर पायरीवर बसले होते. पुरुषमाणूस आत येत नाही. आत्या ईशूला कडेवर घेऊन दाराशी उभ्या होत्या. मी कशासाठी उभी राहणार ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

मी कार्ड वर धरलं. एरवी माझा आवाज वाडीपर्यंत जातो, त्या दिवशी पुढ्यातल्या बाईलाही ऐकू गेला नाही. मावशींचं आठवलं. श्वास सोडला.

"ह्या कार्डावर लिवलंय की मी गोळ्या घेतल्या. ते खोटं हाय. मी एकपन गोळी घेतली न्हवती. तुमाला सांगत फिरले आन् सोता घेतली न्हाई. तीन महिनं लपवलं, भ्याले म्हनून. माझ्या पोरीची पाठ गोळीनं उलली न्हाई. गोळी पोटात गेलीच न्हवती."

आणि लाल पेनने ती खूण खोडली. सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांनाही मी फसवलं होतं.

हिराकाकू म्हणाल्या, "आन् त्याच्या आदी खाल्ल्या व्हत्यास, तवा पडलं ते?"

"ते का पडलं मला ठावं न्हाई काकू. कुनालाच न्हाई. पन गोळीनं पडत न्हाई."

"मंग ह्या येळेला खाऊ नगं आसं तुला सांगितलं कुनी?"

मी दाराकडे पाहिलं. आत्यांनी ईशूला घट्ट धरलं होतं. त्यांचा चेहरा असा झाला होता की आता घाव बसणार आणि तो घ्यायचाच आहे. दोन वर्षं मी त्या घावाची तयारी करत होते, हे खोटं कशाला बोलू? कितीदा मनात म्हटलं होतं, तुमच्यामुळे, तुमच्यामुळे.

"कुनी न्हाई," मी म्हणाले. "माझी मीच घेतली न्हाई."

एकेक बाई पोर उचलून निघून गेली. कोमल आली नव्हतीच. मला वाटलं होतं, खरं बोललं की छातीवरचं ओझं उतरतं. तसं काही झालं नाही. ईशूचे पाय होते तसेच होते.

संध्याकाळी मी चहा टाकत होते. आत्या चुलीपाशी येऊन बसल्या.

"माजं नाव का न्हाई घेतलंस?"

मी म्हणाले, "तुम्ही बोललात, आत्या. पण पिशवी माझ्या खांद्याला होती."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग उठल्या. खुंटीवरची माझी पिशवी काढली आणि चाचपून तिच्यातून पट्ट्या काढल्या. त्यांना वाचता येत नाही. "ह्याच का पिवळ्या?" विचारलं. मी मान हलवली. त्यांनी पट्ट्या ओच्यात खोचल्या, ईशूला कडेवर घेतलं आणि चहा न घेताच खालच्या आळीकडे चालू लागल्या.

मी दारात उभी होते. हिराकाकूंचं अंगण आमच्या दारातून दिसतं. आत्यांचा आवाज वरपर्यंत आला.

"हिरे, सुनंला भायेर बोलाव. ह्या गोळ्या म्याच खाऊ दिल्या न्हाईत माज्या सुनंला. म्या. आता हिचं पाय बघ, आन् मंग तुज्या सुनंला काय सांगायचं ते सांग."

कोमल बाहेर आली. तिने हात पुढे केला की नाही, ते मला दिसलं नाही, आत्यांची पाठ आड होती. आत्यांच्या कमरेशी ईशूचे दोन्ही पाय लोंबत होते. एका पायात मोजा नव्हता. तो वाटेतच गळून पडला होता, तिला कळलं नव्हतं. मी खाली उतरले, मोजा उचलला, धूळ झटकली आणि त्यांच्या मागे गेले.